दोन वयांची मुलं आणि एकच चित्रपुस्तक: कोणतं घ्यावं?

घरात एकच मूल असेल तर चित्रपुस्तक निवडणं फारसं अवघड जात नाही. खरा प्रश्न पडतो तो दोन मुलं एकाच वेळी दोन्ही बाजूंना येऊन बसतात तेव्हा. आमच्याकडे थोरला दुसरीत आहे आणि धाकटी तीन वर्षांची. रात्री दोघांना वेगवेगळं वाचून दाखवण्याइतका वेळ नसतो, आणि एकत्र वाचण्यातली मजा मला सोडायचीही नव्हती. तेव्हा दोघांना पुरेल असं पुस्तक कोणतं, हे ठरवणं भाग होतं. जाड पुठ्ठ्याची पुस्तकं इथे धरलेली नाहीत, कारण ती अगदी तान्ह्या वयाची. बाकी उरतात तीन प्रकार: पानावर भरपूर मजकूर असलेली सचित्र गोष्ट, एखाद-दोन ओळींचं चित्रपुस्तक, आणि शब्दच नसलेलं चित्रपुस्तक.

दुकानात हात आधी पहिल्या प्रकाराकडे जातो. थोरल्याला गोष्ट मिळेल, धाकटीला चित्रं मिळतील, असा सरळ हिशेब असतो. चांगली गोष्ट असेल तर थोरला खरोखर रंगून ऐकतो, नवे शब्द विचारतो, दुसऱ्या दिवशी वापरतोही. या पुस्तकांचं हे श्रेय मी कमी करणार नाही.

पण आमच्याकडे सगळं अडलं ते पान उलटण्यावर. मी तिसऱ्या ओळीवर असतो. गोष्टीतलं माकड नदीकाठी येऊन उभं असतं, अजून पाण्यात पाय टाकलेला नसतो. तोवर धाकटीचं चित्र बघून झालेलं असतं. ती खालच्या कोपऱ्याशी बोट घालते आणि पान उलटते. थोरला तिचा हात धरतो, "थांब ना, बाबाचं व्हायचंय अजून." ती हात सोडवायला बघते, पान चुरगळतं, कधी फाटतं, आणि रडारड सुरू होते. मी मधल्या ओळी गाळून वाचायला लागलो, तर थोरला त्या ओळीवर बोट ठेवून म्हणतो, "बाबा, हे राहिलं." त्याला वाचता येतं, त्यामुळे ती सोय उरत नाही. आणि धाकटीला तरी काय बोल लावणार? तिच्या वयाला चित्र बघणं हेच वाचणं असतं. चित्र संपलं की तिच्या लेखी पान संपलं.

मजकूर किती असावा याचा अंदाज हवा असेल तर प्रथम बुक्स या प्रकाशनसंस्थेच्या वाचनपातळ्या उपयोगी पडतात. 2015 साली त्यांनी सुरू केलेल्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी पुस्तकं फुकट वाचता येतात, त्यामुळे विकत घेण्याआधी चाचपून बघता येतं. पहिल्या पातळीत 250पेक्षा कमी शब्द असतात, दुसरीत 250 ते 600, तिसरीत 600 ते 1500. गोष्ट 16 पानांत बसवली आहे असं धरलं, तर पहिल्या पातळीत पानाला पंधराएक शब्द येतात आणि तिसरीत चाळीसच्या आसपास ते नव्वदपर्यंत. आमच्या घरापुरतं सांगायचं तर पंधरा-वीस शब्दांपर्यंत धाकटीचा हात थांबतो, त्यापुढे नाही. फोनवर मात्र दोघांना एकत्र वाचून दाखवायला जाऊ नये असं मला वाटतं. तेवढ्याशा पडद्यावर दोन डोकी मावत नाहीत.

बिनशब्दांच्या पुस्तकात पानाचं भांडण मुळातच नाही. बाजाराचं चित्र असेल तर धाकटी हातगाडीखाली बसलेलं मांजर शोधते आणि थोरला दुकानातल्या घड्याळात किती वाजलेत ते सांगतो. दोघांना आपापल्या वयाचं काहीतरी सापडतं. परदेशात वाढणाऱ्या, देवनागरी न येणाऱ्या भाचरांसोबत बसायचं असेल तर याहून चांगलं काही नाही. अडचण एवढीच की गोष्ट रोज मोठ्या माणसाला रचावी लागते, आणि लहान मुलांना कालचीच गोष्ट जशीच्या तशी हवी असते. काल कुत्रा हरवला होता, आज का नाही हरवला, असा जाब धाकटी विचारते. दमलेल्या संध्याकाळी हे जड जातं. ज्यांना गोष्ट रचण्याची हौस आहे त्यांनी मात्र हीच पुस्तकं घ्यावीत.

माझा स्वतःचा कल मधल्या प्रकाराकडे आहे. एक-दोन ओळी, आणि बाकीचं चित्रावर सोडलेलं. अट अशी की ओळीत जे लिहिलंय तेच चित्रात नसावं. ओळ म्हणते, आजी झोपली आहे, आणि चित्रात आजी एक डोळा किलकिला करून बघते आहे, असं पान दोघांनाही धरून ठेवतं. मराठीत माधुरी पुरंदरे स्वतः लिहितात आणि चित्रंही स्वतःच काढतात. शब्दांनी किती बोलायचं आणि चित्रानं किती, याचा मेळ त्यांच्याकडे फार सुंदर दिसतो. शिवाय ओळी थोड्या असल्यानं थोरला हळूहळू स्वतःच बहिणीला वाचून दाखवायला लागला. तो बोट फिरवत वाचतो, ती ओळीचा शेवटचा शब्द त्याच्यासोबत म्हणते आणि मगच पान उलटते. हे भरपूर मजकुराच्या पुस्तकात घडलं नाही, बिनशब्दांच्या पुस्तकात घडू शकत नाही.

द्वैभाषिक पुस्तकांचाही पर्याय आहे. चेन्नईच्या तूलिकानं मराठी-इंग्रजी जोडीची पुस्तकं काढली आहेत, आणि मराठी वाचायला नव्यानं शिकणाऱ्या मुलाला त्यांचा आधार होतो. दोन वयांची मुलं एकत्र असतील तर मात्र दोन्ही भाषा वाचायच्या नाहीत, त्या दिवसाची एकच ठरवून घ्यायची. नाहीतर पानावरचे शब्द दुप्पट होतात आणि पुन्हा तेच पान उलटणं सुरू होतं.

दोघांच्या वयात सहा-सात वर्षांचं अंतर असेल तर माझा हा अनुभव कदाचित लागू पडणार नाही. चौथी-पाचवीतल्या मुलाला दोन ओळींत भूक भागत नाही. त्याला त्याची मोठी गोष्ट धाकट्या भावंडाला झोपवल्यावर वेगळी वाचून दाखवावी, आणि धाकट्याच्या पुस्तकाला त्याला वाचक म्हणून बसवावं.