सोसायटीतला म्हातारा गुलमोहर: ठेवायचा की काढायचा?

पुण्या-मुंबईच्या जुन्या वसाहतींत रस्त्याकडेला गुलमोहर, सोनमोहर आणि पर्जन्यवृक्ष सर्रास लावले गेले. भराभर वाढणारी, सावली धरणारी झाडं. आता ती बरोबरीनंच थकली आहेत आणि पावसाळा जवळ आला की कमिटीत दोन तट पडतात: छाटून ठेवा, नाहीतर काढून नवं लावा.

वयावर जाऊ नका, बुंधा बघा. तळाशी कडक, तपकिरी, पंख्याच्या आकाराची बुरशी आली असेल, ठोकल्यावर पोकळ आवाज येत असेल किंवा एका बाजूची जमीन उचलली गेली असेल, तर छाटणीनं भागणार नाही. गुलमोहराचं लाकूड ठिसूळ, मुळं उथळ. फांदी मोडायला वादळच लागतं असं नाही. असं झाड पार्किंगवर कललं असेल तर माझं मत सरळ आहे, काढा.

पर्जन्यवृक्षाचं तसं नाही. खोड धड असेल तर मी तो ठेवीन, कारण त्याच्याइतकी सावली नवं रोप कित्येक वर्षं देणार नाही. फक्त फांद्यांवर कापसासारखा पांढरा थर दिसतोय का ते तपासा. तो थर म्हणजे मिलीबग ही रस शोषणारी कीड. तिनं मुंबईत असे बरेच वृक्ष वाळवले आहेत.

ठेवायचं ठरलं तर खरी मेख छाटणीतच आहे. कंत्राटदाराला मोकळं सोडलं की तो झाड बोडकं करून जातो. मग कापाच्या कडेनं फुटवे येतात. दिसतात जोमदार, पण त्यांची पकड कच्ची असते आणि जड झाले की तेच निखळतात. वाळक्या आणि एकमेकींवर घासणाऱ्या फांद्याच काढायला सांगा. खोडाला भिडलेले पेव्हर ब्लॉकही उचला. राष्ट्रीय हरित लवादानं 2013 साली दिल्लीतल्या झाडांभोवतीचं 1 मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला सांगितलं होतं. तेच माप धरा.

काढायचं तर 1975 च्या वृक्षसंरक्षण कायद्याखाली महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी हवीच. 2021 च्या दुरुस्तीनंतर तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी झाडं लावावी लागतात आणि 50 वर्षांवरचं झाड वारसा वृक्षात मोडतं. चाळीस वर्षांच्या गुलमोहरापायी चाळीस रोपं, त्यांची जागा आधी शोधा.

त्या जागी काय? अरुंद फुटपाथला ताम्हण. आटोपशीर वाढतं, उन्हाळ्यात जांभळं फुलतं. बहावाही देखणा, पण सावली विरळ आणि शेंगा गाड्यांवर पडतात. सावलीच हवी असेल आणि थांबायची तयारी असेल तर बकुळ.