जर्मनीतलं बँक खातं: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

खातं वापरायला उत्तम आहे. अडतं ते उघडताना, आणि तेही बँकेपेक्षा पत्ता, टपाल आणि नाव या तीन ठिकाणी. त्यामुळे शाखा असलेली बँक घ्यावी की फक्त मोबाइलवरची, हा वाद नंतर घाला. आधी कागदांचा क्रम लावा.

पहिला कागद पत्त्याचा. घरात राहायला गेल्यावर दोन आठवड्यांच्या आत नगर कार्यालयात 'आनमेल्डुंग' म्हणजे पत्त्याची नोंदणी करायची असते. त्यासाठी घरमालकाने सही केलेला, तुम्ही तिथे राहायला आल्याचा ठरावीक फॉर्म लागतो. नुसता भाडेकरार चालत नाही. तोच घेऊन गेलात की अपॉइंटमेंट वाया जाते, आणि मोठ्या शहरांत पुढची लवकर मिळत नाही. नोंदणीनंतर ११ अंकी कर क्रमांक पोस्टाने येतो, पण बहुतेक बँका तो नंतर कळवला तरी चालवून घेतात, तेव्हा त्याच्यासाठी थांबू नका.

मग ओळख पटवणं. मोबाइलवरच्या बँका व्हिडिओ कॉलवर काम उरकतात, पण बऱ्याच ठिकाणी त्या कॉलवर भारतीय पासपोर्ट स्वीकारतच नाहीत. अर्ज भरायच्या आधी बँकेच्या यादीत आपला देश आहे का ते पाहा. नसेल तर 'पोस्टइडेंट' निवडा: बँकेने दिलेलं कुपन घेऊन पोस्टात जायचं, तिथला कर्मचारी पासपोर्ट तपासतो, पैसे पडत नाहीत. पासपोर्टवर जर्मनीतला पत्ता नसतो, म्हणून नोंदणीचा दाखला सोबत ठेवा. अर्जातलं नाव आणि पासपोर्टवरचं नाव यांत एका अक्षराचा फरक असला तरी परत पाठवू शकतात.

आणि इथेच मराठी नावाची खरी गंमत आहे. आपल्या पासपोर्टवर 'गिव्हन नेम'च्या रकान्यात बहुधा स्वतःचं आणि वडिलांचं (किंवा नवऱ्याचं) अशी दोन्ही नावं असतात. जर्मन बँकेच्या लेखी ती दोन्ही मिळून तुमचं पहिलं नाव. म्हणजे प्रिया संजय देशमुख ही बँकेत 'प्रिया संजय' होते, कंपनीच्या पगारपत्रकात नुसती 'प्रिया'. पूर्वी यात काही अडत नव्हतं, कारण पैसे आयबॅनवर, म्हणजे आंतरराष्ट्रीय खाते क्रमांकावर, जात. ९ ऑक्टोबर २०२५ पासून युरोतल्या हस्तांतरणाआधी बँका नाव आणि आयबॅन जुळतात का ते तपासतात. जुळलं नाही तर पाठवणाऱ्याला इशारा दिसतो. पैसे पाठवता येतात, पण जोखीम त्याची. घरमालक किंवा कंपनीचा हिशेबनीस तिथेच हात आखडता घेतो. उपाय सोपा: कंपनी, विमा, घर, सगळीकडे पासपोर्टबरहुकूम पूर्ण नाव द्या.

टपालाचं नाव त्याहून साधं आणि जास्त त्रासदायक. कार्ड, पिन आणि ॲप सुरू करायचं पत्र बहुधा वेगवेगळ्या पाकिटांत, वेगवेगळ्या दिवशी येतं. टपालपेटीवर तुमचं आडनाव नसेल तर पोस्टमन पाकीट परत पाठवतो. फ्लॅट क्रमांकाने इथे टपाल पोचत नाही, नावाने पोचतं. पोटभाडेकरू असाल तर पत्त्यात 'सी/ओ' (म्हणजे 'यांच्याकडे') लिहून मूळ भाडेकरूचं आडनाव टाका, आणि पेटीवर स्वतःच्या नावाची चिठ्ठी चिकटवाच.

विद्यार्थ्यांचं गणित थोडं वेगळं. व्हिसासाठी ११,९०४ युरो ज्या 'श्पेरकोंटो'त अडकवले असतात, ते रोजच्या वापराचं खातं नव्हे. त्यातून महिन्याला ९९२ युरो सुटतात, ते घ्यायला साधं चालू खातं लागतंच.

एखाद्या बँकेने नाही म्हटलं तर 'बाझिसकोंटो' मागा. युरोपीय संघात कायदेशीर राहणाऱ्या प्रत्येकाला २०१६ पासून या मूलभूत खात्याचा हक्क आहे. त्याचा ठरावीक फॉर्म असतो, बँकेला दहा कामकाजी दिवसांत निर्णय द्यावा लागतो आणि नकार लेखी, कारणासह.

रोजच्या वापरात सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे 'लास्टश्रिफ्ट': वीज, फोन, विमा यांचे पैसे समोरचा थेट खात्यातून काढतो. चुकीचे काढले तर आठ आठवड्यांत ॲपवरून परत मागवता येतात, परवानगीच दिली नसेल तर १३ महिन्यांपर्यंत. मात्र खात्यात शिल्लक नसेल तर व्यवहार परतण्याचं शुल्क समोरचा तुमच्याकडूनच वसूल करतो. रेडिओ-टीव्हीची वर्गणी, दरमहा १८.३६ युरो, तीन-तीन महिन्यांची एकदम ५५.०८ अशी जाते. नवख्यांची शिल्लक तिथेच तोकडी पडते. कार्डाचं म्हणाल तर गिरोकार्ड, म्हणजे जर्मनीचं स्वतःचं डेबिट कार्ड, देणारी बँक बरी, कारण काही लहान दुकानं आणि बेकऱ्या नुसतं व्हिसा-मास्टरकार्ड घेत नाहीत.

भारताकडची बाजू बहुतेक जण विसरतात. परदेशात नोकरीला गेल्यावर गावाकडचं बचत खातं तसंच चालू ठेवता येत नाही, ते एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयाचं भारतातल्या उत्पन्नासाठीचं खातं, करून घ्यायचं. जर्मनीतून पैसे पाठवायला एनआरई, म्हणजे परदेशातल्या कमाईसाठीचं खातं, उघडा. भारतातल्या खात्याला आयबॅन नसतो, आयएफएससी लागतो. एनआरईचं व्याज भारतात करमुक्त असलं तरी जर्मनीत राहणाऱ्याला ते तिथल्या विवरणपत्रात दाखवावं लागतं.