ग्वाल्हेर: गाईड घेऊन की आपलं आपण?

थंडी पडली की ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या घरी पाहुण्यांचा राबता सुरू होतो. डिसेंबरात तानसेन समारोह, हवाही छान, त्यामुळे पुण्या-नाशकाची मंडळी नेमकी तेव्हाच उगवतात. गाडीने झाशी सोडली की फोन येतो, "गाईड करायचा का रे? की तू आहेसच?" मी असतोच. पण ग्वाल्हेरात राहतो म्हणून मला ग्वाल्हेर सांगता येतं असं थोडंच आहे! म्हणून दोन्ही प्रकार करून पाहिलेत, स्वतःच्या खिशातून पैसे देऊन. माझं मत त्या अनुभवावरून झालेलं आहे, तुमचं वेगळं होऊ शकेल.

जयविलास राजवाड्यापासून सुरुवात करू, कारण तिथला निकाल सोपा आहे. गाईडची गरज नाही. पाट्या लावलेल्या आहेत आणि वाट एकाच दिशेने पुढे सरकते. साडेतीन-साडेतीन टनांची झुंबरं टांगण्याआधी छपरावर हत्ती चढवून पाहिले होते, ही गोष्ट तुम्ही येण्याआधीच ऐकलेली असते. जेवणाच्या टेबलावरून फिरणारी चांदीची आगगाडी दिसली की पाहुणे कोणाचंच ऐकत नाहीत. पैसे देऊन नेलेला गाईड तिथे आमच्या मागे हात बांधून उभा होता. फुलबागेत राणी लक्ष्मीबाईंची समाधी आणि तिकडे तानसेनाची कबर, या दोन्ही ठिकाणी तर कोणी सोबत बोलत नसलेलंच बरं.

खरा प्रश्न किल्ल्याचा.

किल्ल्यावर जायच्या वाटा दोन. पश्चिमेच्या उरवाई दरवाजातून गाडी थेट वर जाते, आणि जाताना दोन्ही बाजूंना कड्यात कोरलेल्या जैन मूर्ती दिसतात. पंधराव्या शतकात तोमरांच्या काळात त्या कोरल्या, सोळाव्या शतकात बाबराने फोडायला लावल्या. दुसरी वाट पूर्वेकडून, ग्वाल्हेर दरवाजातून. ती पायी चढायची. पायथ्याशी गुजरी महाल आहे, त्यात आता संग्रहालय आहे, आणि मग दरवाजांमागून दरवाजे. गाईड मंडळी वर, मानमंदिर नावाच्या वाड्याच्या तिकीटखिडकीपाशी असतात. साहजिक आहे, गिऱ्हाईक गाडीने तिथेच उतरतं.

आता माझं दुखणं सांगतो. तीनेक वर्षांपूर्वी नाशकाहून आतोबा आले होते. निवृत्त गणित शिक्षक, सत्तरी ओलांडलेली, पण गुडघे माझ्यापेक्षा धड. त्यांना ग्वाल्हेरात एकच गोष्ट पाहायची होती, चतुर्भुज मंदिरातल्या शिलालेखात कोरलेलं जुनं शून्य. आम्ही ऐटीत गाडी केली, उरवाईने वर गेलो आणि अख्ख्या किल्ल्यासाठी गाईड ठरवला. माणूस बोलका होता. मानमंदिर झालं, सास-बहू झालं, तेली का मंदिर झालं. आतोबा मध्ये मध्ये विचारत होते, "आणि ते शून्य?" शेवटी तो आम्हांला तटापाशी घेऊन गेला, खाली हात केला आणि म्हणाला, "वो उधर नीचे है सर, दुनिया का पहला ज़ीरो." संपलं! मंदिर पायवाटेवर, तो उभा वर. खाली उतरून परत चढायचं म्हणजे त्याचं पुढचं गिऱ्हाईक बुडतं. त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही, त्याचा धंदा तसाच बांधलेला आहे. पण आतोबांनी तटावरून दोन मिनिटं खाली पाहिलं आणि काही न बोलता गाडीत जाऊन बसले, ते मला अजून विसरता येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोहे-जिलबी खाऊन आम्ही दोघंच पूर्वेच्या वाटेने चढलो. चतुर्भुज मंदिर एकाच दगडात कोरलेलं, लहानसं आहे. आत भिंतीवर शिलालेख आहे, इसवी सन ८७६ चा. मजकूर अगदी व्यवहारातला. देवळाला फुलबागेसाठी २७० हात लांब आणि १८७ हात रुंद जमीन दिली, आणि रोज ५० हार द्यायचे. त्या २७० मधलं आणि ५० मधलं शून्य पाहायचं. मोबाईलचा टॉर्च तिरका धरला तर अक्षरं उठून दिसतात, समोरून धरला तर सगळं सपाट. शून्य शेजारच्या अंकांपेक्षा लहान, एवढंसं वर्तुळ. जगातलं पहिलं ते नव्हे, कंबोडियात ६८३ चा शिलालेख आहे, हे आतोबांनीच मला तिथे उभ्याउभ्या सांगितलं. आम्ही तिथे पाऊण तास होतो. कोणी "चलिए सर" म्हणालं नाही.

तरी गाईड नकोच, असं मी म्हणणार नाही. मानमंदिरात तो हवाच. राजा मानसिंह तोमराचा (राज्य १४८६ ते १५१६) हा वाडा बाहेरून निळ्या फरशांमुळे, त्यांवरच्या पिवळ्या बदकांमुळे आपला आपण आवडतो. आत मात्र दोन लहान चौक आणि खाली दोन अंधारे मजले. तिथे गाईडशिवाय गेलात तर वटवाघळांचा वास घेऊन परत याल. तळघरातल्या भिंतीत भोकं आहेत. गाईडने माझ्या भाचीला खाली उभं केलं, स्वतः वर गेला आणि भोकातून तिचं नाव हळूच पुकारलं. पोरगी दचकून मला चिकटली. राजवाड्याच्या याच तळघरांचा मोगलांनी तुरुंग केला. औरंगजेबाने धाकट्या भावाला, मुरादला, ग्वाल्हेरच्या किल्ल्यात कोंडून १६६१ मध्ये संपवलं. हे पुस्तकात वाचणं वेगळं आणि त्या अंधारात ऐकणं वेगळं.

सास-बहूला मात्र तोच गाईड सांगतो की मोठं देऊळ सासूचं, छोटं सुनेचं. आत्या लगेच म्हणाली, "म्हणजे तेव्हाही सुनेच्या वाट्याला छोटंच!" नाव मूळचं सहस्रबाहू, विष्णूचं देऊळ, कच्छपघात राजा महिपालाने १०९३ मध्ये पूर्ण केलेलं. ते सांगायला गाईड लागत नाही, आणि बहुतेक वेळा तो ते सांगतही नाही.

अर्धाच दिवस असेल किंवा बरोबर चढण न झेपणारी माणसं असतील, तर गाडी, उरवाई आणि गाईड हेच ठीक. ओळखपत्रवाला घ्या, पैसे आधी ठरवा आणि शेवटी साड्यांच्या दुकानात जायचं नाही हेही आधीच सांगा. दिवस मोकळा असेल तर मी आपला पूर्वेने चढतो. गुजरी महालात ग्यारसपूरची शालभंजिका ही स्त्रीमूर्ती मुद्दाम सांगून पाहायची, ती इतर मूर्तींसारखी उघड्यावर ठेवलेली नसते, विचारलं तर दाखवतात. मग शून्य, मग वर पोहोचल्यावर एका तासापुरता गाईड, फक्त मानमंदिराला.

पूर्ण किल्ल्याचे पैसे न घेता एका तासाला तयार होणारा गाईड शोधायला आधी जरा घासाघीस झाली. आता त्यातला एक मला ओळखतो. घामाघूम होऊन दरवाजातून वर आलो की भाव सांगत नाही, टोपी सारखी करतो आणि विचारतो, "आज भी सिर्फ़ मानमंदिर?"