रिग्ली की सॉक्स पार्क? शिकागोतली पहिली बेसबॉल मॅच कुठे बघायची

उन्हाळ्यात आई-बाबा शिकागोला आले की ठरलेला प्रश्न, एकदा बेसबॉल दाखवायचाय पण शहराच्या दोन टीम्सपैकी कब्सची मॅच की व्हाइट सॉक्सची? दोन्ही ग्राउंड ट्रेनच्या रेड लाइनवरच, कब्सचं रिग्ली फील्ड उत्तरेला अ‍ॅडिसन स्टेशनला आणि सॉक्सचं दक्षिणेला पस्तिसाव्या रस्त्यावर, त्यामुळे ट्रेनने जाणार असाल तर दोन्ही सारखंच. खरा फरक आत गेल्यावर कळतो.

रिग्ली १९१४ चं. आउटफिल्डच्या, म्हणजे मैदानाच्या लांबच्या टोकाच्या, विटांच्या भिंतीवर १९३७ पासून वेल चढवलेत, बॉल त्यात अडकला की फिल्डर दोन्ही हात वर करतो आणि बॅटरला धावायच्या वाटेवरचे दोन टप्पे (बेस) मिळतात, म्हणजे आपल्या गल्लीतल्या 'झाडात गेला तर दोन'सारखंच 😄 स्कोअरबोर्डचे आकडे आजही आत बसलेली माणसं हाताने बदलतात. फ्लडलाइट १९८८ ला आले, तोवर घरच्या सगळ्या मॅचेस दिवसाच, आणि आजही बऱ्याच मॅचेस दुपारी १:२० ला असतात, सुट्टी टाकूनच जावं लागतं. पब्लिक तर कमाल आहे. पाहुण्या टीमने होमरन (आपला षटकारच) मारला की ब्लीचर्समधला, म्हणजे भिंतीमागच्या उघड्या बाकांवरचा, माणूस हातात आलेला बॉल परत मैदानात फेकतो, न फेकून सांगतो कोणाला, आजूबाजूचे ओरडून हैराण करतात. आमची आई म्हणाली, "अरे, फुकट मिळालेला बॉल कोण परत देतं?"

पण तिकीट महाग, पार्किंगची बोंब आणि जुन्या बांधणीचे खांब. स्वस्त सीट दिसली तर ती खांबाआड नाही ना हे आधी बघा. ऊन सहन होत नसेल तर थर्ड बेसच्या बाजूला (बॅटरच्या मागून बघताना डावीकडे) वरच्या छताखाली घ्या.

सॉक्सचं ग्राउंड १९९१ चं, सध्याचं नाव रेट फील्ड. खांब नाहीत, स्वतःचे मोठे पार्किंग लॉट, नेपरव्हिलसारख्या उपनगरातून पोरंबाळं, डबे सगळं गाडीत टाकून या, लॉटमध्ये ग्रिल लावणारेही असतात. होमरनला स्कोअरबोर्डवरून फटाके उडतात, पोरं त्यासाठीच बसतात. टीम २०२४ ला १६२ पैकी १२१ मॅचेस हरली, आधुनिक काळातला रेकॉर्डच तो, पण अशा टीमचा आपल्याला फायदा हा की तिकीट सहज आणि स्वस्तात मिळतं. २००५ ला हेच चॅम्पियन होते बरं का, त्या फायनलची पहिली मॅच आत्ताचे पोप लिओ इथेच बसून बघत होते, ते मूळचे शिकागोचे आणि पक्के सॉक्सवाले.

शाकाहारी असाल तर इथे एलोते घ्या, गरम मक्याचे दाणे, वर लोणी, चीझ, लिंबू, तिखट, म्हणजे जुहूचा भुट्टा सोलून वाटीत. बाबांनी दोन खाल्ले. वरच्या मजल्याच्या पायऱ्या मात्र चांगल्याच उभ्या आहेत, गुडघे दुखत असतील तर थोडे जास्त पैसे टाकून खालचीच सीट घ्या.

माझं मत विचाराल तर आई-बाबा आणि लहान मुलं बरोबर असतील तर डोळे झाकून सॉक्स. दोघं-तिघं मित्र असाल, आयुष्यात एकदाच बघणार असाल, तर खिसा हलका करून रिग्ली. फक्त एप्रिलमध्ये जाऊ नका, तळ्यावरून जो वारा येतो तो जाड जॅकेट घातलं तरी आत घुसतो.