क्रूझ रद्द करावी लागली तेव्हा : जहाज कंपनी, एजंट आणि प्रवास विमा यांचा आमचा अनुभव

सिंगापूरहून निघून पेनांग आणि फुकेत करून पुन्हा सिंगापूरला येणारी चार रात्रींची क्रूझ आम्ही चौघांनी, म्हणजे मी, माझे यजमान, नणंदबाई आणि त्यांचे पती यांनी, बरेच महिने आधी ठरवली होती. प्रवासाला बत्तीस दिवस उरले असताना एका शनिवारी रात्री यजमानांच्या पोटात असह्य कळा सुरू झाल्या. रविवारी सकाळी सोनोग्राफीत पित्ताशयात खडे दिसले; त्यांपैकी एक सरकून पित्तनलिकेत अडकला होता आणि त्यामुळे डोळ्यांत कावीळ उतरली होती. एन्डोस्कोपीने तो खडा काढून नलिकेत स्टेंट, म्हणजे ती उघडी ठेवणारी बारीक नळी, बसवायचा आणि सूज उतरल्यावर साधारण चार आठवड्यांनी पित्ताशय काढायचे, असे सर्जननी त्याच दिवशी सांगितले. शस्त्रक्रियेचा आठवडा आणि जहाजाचा आठवडा एकच येत होता, तेव्हा जाणे होणार नाही हे रविवारी दुपारीच स्पष्ट झाले होते. पुढे जे नुकसान झाले, त्याचा मोठा भाग या रविवार दुपारनंतरच्या दोन दिवसांत झाला, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

आमच्या केबिनचे एकूण १,४६,४०० रुपये भरले होते. त्यात मूळ भाडे १,२०,०००, बंदर शुल्क व कर १९,२०० आणि कर्मचाऱ्यांच्या टिपेचे आगाऊ ७,२०० रुपये होते. ही फोड मी मुद्दाम देत आहे, कारण रद्द केल्यावर कापली जाणारी रक्कम मूळ भाड्यावर मोजली जाते. प्रवासी जहाजावर चढलाच नाही, तर बंदर शुल्क, कर आणि टीप बहुतेक कंपन्या परत करतात. पावतीवर ही फोड नसेल तर ती बुकिंगच्या वेळीच मागून घ्यावी. आमच्या कराराच्या तक्त्याप्रमाणे जहाज सुटण्याच्या तीस दिवसांपर्यंत रद्द केल्यास भाड्याच्या निम्मी रक्कम जाणार होती, एकोणतीस ते पंधरा दिवसांच्या आत पाऊण आणि त्यानंतर सगळीच. रविवारी एकतीस दिवस उरले होते. म्हणजे निम्मे भाडे वाचवायला आमच्याजवळ सोमवारच्या रात्रीपर्यंत वेळ होता.

रविवारी दुपारी अडीच वाजता रुग्णालयाच्या जिन्यात उभी राहून मी एजंटला फोन केला आणि लगेच व्हॉट्सॲपवर सोनोग्राफीच्या अहवालाचा फोटोही पाठवला. ‘मॅडम, घाई करू नका, आपण तारीख बदलून घेऊ, भाडे वाया जाणार नाही,’ असे त्यांनी सांगितले. सोमवारी मी दोनदा विचारले, तेव्हा कंपनीशी बोलणे चालू आहे असे उत्तर मिळाले. मंगळवारी दुपारी कळले की पूर्ण पैसे भरून झाल्यावर केलेला तारखेचा बदल कंपनी रद्दीकरणच समजते. त्यानंतर एजंटने रद्द करण्याची ईमेल पाठवली, तेव्हा एकोणतीस दिवस उरले होते. एका दिवसाने तीस हजार रुपये वाढले. मी सोमवारी स्वतः कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन करून पाहिला होता. परंतु बुकिंग एजंटमार्फत झाले असल्याने बदल त्यांच्यामार्फतच करता येईल, असे तेथील बाईंनी नम्रपणे पण ठामपणे सांगितले. क्रूझच्या धंद्यात हा सर्रास नियम आहे आणि बुकिंग करताना तो आम्हाला कोणी सांगितला नव्हता.

जहाज कंपनीबद्दल माझी एवढीच तक्रार आहे. बाकी त्यांनी शब्द पाळला. नाव बदलण्याची सोय त्यांनी आपणहून सुचवली, म्हणजे केबिनमधील एक मूळ प्रवासी कायम राहिला तर दुसऱ्याच्या जागी कोणालाही नेता येते. वन्सं म्हणाल्या, ‘अगं, तू चल, दादाकडे मी कोणाला तरी बसवते.’ मला ते शक्य नव्हते. पण ज्यांच्याकडे एकच जण आजारी पडला आहे, त्यांनी या सोयीची चौकशी आधी करावी, कारण एकाचेच तिकीट रद्द केल्यास उरलेल्या माणसाला बहुतेक वेळा संपूर्ण केबिनचे भाडे सोसावे लागते. उरलेले पाव भाडे, बंदर शुल्क, कर आणि टीप मिळून ५६,४०० रुपये त्यांनी सहा आठवड्यांत परत केले. त्यातून एजंटने आपले सेवाशुल्क म्हणून ४,००० रुपये वळते केले. बुकिंगच्या वेळी कापलेला ७,३२० रुपयांचा टीसीएस, म्हणजे विक्रेत्याने आपल्याकडून आगाऊ गोळा केलेला प्राप्तिकर, मात्र जहाज कंपनीकडे मागायचा नसतो. तो शासनाकडे जमा झालेला असल्यास प्राप्तिकर खात्याकडील आपल्या नावावरच्या करनोंदीत दिसतो आणि प्राप्तिकराच्या विवरणपत्रातून मिळवावा लागतो.

आता विम्याबद्दल. पूर्ण पैसे भरले त्याच दिवशी आम्ही दोघांची एकत्र परदेश प्रवास पॉलिसी घेतली होती, हप्ता २,८६० रुपये. प्रवास रद्द झाल्यास मिळणारे संरक्षण पॉलिसी घेतल्या क्षणापासून लागू होते, म्हणून ती विमानतळावर जाण्याच्या आदल्या दिवशी घेण्यात फारसा अर्थ नसतो. आम्ही ती लवकर घेतली हेच या सगळ्यात कामी आले. प्रवास रद्द होण्यासाठी प्रत्येकी १,००० डॉलरपर्यंत भरपाई आणि प्रत्येकी ५० डॉलर वजावट, म्हणजे तेवढे नुकसान आपण सोसायचे, अशी अट होती. सहप्रवाशाच्या आजारामुळे माझाही प्रवास रद्द झाला, आणि तो धोकाही पॉलिसीत होता. रुग्णालयाचा खर्च आमच्या नेहमीच्या मेडिक्लेममधून झाला. प्रवास विम्याचा त्याच्याशी संबंध नव्हता.

दावा दाखल केल्यावर पहिला प्रश्न आला तो डॉक्टरांच्या पत्रावर. ‘रुग्णास विश्रांतीची आवश्यकता आहे’ एवढेच त्यात लिहिले होते. विमा कंपनीला ‘अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत विमान व समुद्रप्रवासास वैद्यकीयदृष्ट्या अयोग्य’ असे वाक्य हवे होते, त्यावर सही, शिक्का आणि नोंदणी क्रमांक हवा होता. ते पत्र एका दिवसात मिळाले. त्यानंतर जहाज कंपनीचे रद्दीकरणाचे बिल, म्हणजे किती भरले, किती परत दिले आणि किती कापले याचा कागद, मिळवायला मात्र एजंटच्या मागे तीन आठवडे लागावे लागले.

आणि मग दावा नाकारल्याचे पत्र आले. कारण होते ‘पूर्वीपासून असलेला आजार’. मी डिस्चार्ज कार्ड काढून पुन्हा वाचले. दुसऱ्या पानावर, लक्षणांच्या रकान्यात, निळ्या शाईच्या घाईच्या अक्षरात पोटदुखीच्या पुढे ‘२ वर्षे’ असे लिहिले होते. यजमानांनी दाखल होताना ‘दोन दिवसांपासून दुखतंय’ असे सांगितले होते, मी शेजारी उभी होते. रात्रपाळीच्या निवासी डॉक्टरांच्या हातून दिवसाचे वर्ष झाले होते आणि त्या एका शब्दावर आमचा संपूर्ण दावा अडला होता. घरी जाण्याच्या गडबडीत आपण औषधांच्या गोळ्या मोजतो, बिलावरचे आकडे तपासतो, पण आजाराचा इतिहास लिहिलेला रकाना कोणी वाचत नाही. तो तिथेच, रुग्णालयाच्या काउंटरवर उभे राहून वाचावा, असे मी आता सगळ्यांना कळकळीने सांगते.

आमच्या बाजूने एक कागद भक्कम होता. यजमानांच्या कार्यालयात दरवर्षी आरोग्य तपासणी होते आणि चौदा महिन्यांपूर्वीच्या सोनोग्राफीत पित्ताशयात खडे नाहीत असे स्पष्ट लिहिले होते. विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या आयआरडीएआय या सरकारी नियामकाच्या २०२४ च्या नियमांप्रमाणे आरोग्य विम्यात पॉलिसी सुरू होण्यापूर्वीच्या छत्तीस महिन्यांत निदान झालेला किंवा डॉक्टरांनी उपचार सुचवलेला आजार पूर्वीचा धरला जातो, आणि आमच्या पॉलिसीतही तीच व्याख्या होती. येथे निदानही नव्हते आणि उपचारही नव्हते. सर्जननी रुग्णालयाच्या लेटरहेडवर दुरुस्तीचे पत्र दिले, दाखल होतानाच्या केसपेपरची प्रत जोडली आणि हे सर्व मी विमा कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्यांकडे पाठवले. बाराव्या दिवशी नकार मागे घेतला गेला. या अधिकाऱ्यांनी फोन करून कागद नीट समजून घेतले, उगाच नवे प्रश्न काढले नाहीत, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

तिथेही नकार कायम राहिला असता, किंवा महिनाभरात उत्तरच आले नसते, तर विमा लोकपालांकडे जाण्याची आमची तयारी होती. तिथे शुल्क लागत नाही, वकील लागत नाही, नकारानंतर एका वर्षाच्या आत अर्ज करायचा असतो आणि ५० लाख रुपयांपर्यंतच्या तक्रारी ऐकल्या जातात. पुण्यात हे कार्यालय नारायण पेठेत न. चिं. केळकर रस्त्यावर आहे, मुंबईत सांताक्रूझ पश्चिमेला. अनेक लोक पहिल्या नकाराच्या पत्रावरच थांबतात, त्याचे मला फार वाईट वाटते.

प्रत्यक्षात मिळाले किती? विमा कंपनीने ९०,००० नव्हे, तर ६०,००० रुपये नुकसान मान्य केले आणि वजावट जाऊन ५०,९०० रुपये दिले. उरलेले तीस हजार रद्द करण्यास झालेल्या उशिरामुळे वाढले, आणि प्रवास अशक्य असल्याचे कळताच विनाविलंब कळवणे ही विमाधारकाची जबाबदारी आहे, असे कलम दाखवून त्यांनी ते नाकारले. कलम खरेच होते, मला त्यावर वाद घालता आला नाही. मी तो वाद एजंटशी घातला. रविवारी दुपारी २ वाजून ३४ मिनिटांचा व्हॉट्सॲप संदेश, सोमवारचे दोन संदेश आणि मंगळवारची ईमेल असे चार कागद ओळीने लावून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवली. महिन्याभरात एजंटने २०,००० रुपये परत केले. सेवाशुल्क मात्र सोडले नाही.

जहाज कंपनीला मी पाचपैकी चार गुण देईन, विमा कंपनीला साडेतीन, आणि त्यातला अर्धा केवळ तक्रार निवारण अधिकाऱ्यांसाठी. एजंटकडे पुन्हा जाणार नाही. त्या माणसाचा हेतू वाईट होता असे मला वाटत नाही, त्याला आपल्याच कराराचा तक्ता ठाऊक नव्हता. परंतु आपण त्याला पैसे त्या माहितीसाठीच देतो.

एक गोष्ट मुंबईच्या बॅलार्ड पिअरवरून गोव्याला किंवा लक्षद्वीपला जाणाऱ्यांसाठी. त्या प्रवासाला परदेश प्रवास पॉलिसी चालत नाही, देशांतर्गत प्रवासाची पॉलिसी घ्यावी लागते, आणि तिच्यात प्रवास रद्द होण्याचे संरक्षण आहे की केवळ अपघाताचे, हे पाहावे. बुकिंगच्या पानावर एक चौकोन टिचकवून मिळणाऱ्या विम्याचे फक्त प्रमाणपत्र हाती येते. संपूर्ण अटींचा दस्तऐवज मागून घ्यावा आणि त्यातले रद्दीकरणाचे पान आधी वाचावे.

यजमानांचे पित्ताशय व्यवस्थित निघाले आणि स्टेंटही काढला. आम्ही नोव्हेंबरची तीच क्रूझ आता थेट जहाज कंपनीकडून घेतली आहे. तीस दिवसांची मुदत कोणत्या देशाच्या वेळेप्रमाणे संपते, हा प्रश्न मी पैसे भरण्यापूर्वी लेखी विचारला. सिंगापूरच्या वेळेप्रमाणे, असे उत्तर आले, म्हणजे आपल्याकडे रात्री साडेनऊला. ती ईमेल छापून पॉलिसीच्या फाइलमध्ये लावली आहे, आणि तिच्या मागे सर्जनचे दुरुस्तीचे पत्र.