लॉ करायच्या आधी नोकरी करायचीच तर कुठली? वकिलाचं ऑफिस, एमआयडीसी की दस्ताचं काम

यूट्यूबवर अमेरिकेतल्या लॉ स्कूलचे व्हिडिओ बघून बरीच पोरं विचारतात की एलएलबीच्या आधी एक-दोन वर्षं अनुभव घेतला तर ॲडमिशनला फायदा होतो का. तिकडे होतो, कारण तिकडे रेझ्युमे बघतात, निबंध लिहून घेतात, शिफारसपत्रं मागतात. आपल्याकडे तीन वर्षांच्या एलएलबीला सीईटीचा स्कोअर आणि कॅप राउंड (म्हणजे केंद्रीय प्रवेश फेऱ्या), संपला विषय. ओपनवाल्यांना ग्रॅज्युएशनला ४५ टक्के पाहिजेत, बाकी अनुभवाचा अर्धा मार्कही मिळत नाही, मग तुम्ही इथे नाशिकला एनबीटी लॉ कॉलेजला जा, मविप्रच्या लॉ कॉलेजला जा नाहीतर पुण्याला.

आणि जज व्हायचं डोक्यात असेल तर मी म्हणेन नोकरीच्या भानगडीत पडूच नका. सुप्रीम कोर्टाने मे २०२५ मध्ये ज्युनियर डिव्हिजनच्या, म्हणजे खालच्या कोर्टातल्या दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेसाठी तीन वर्षं प्रॅक्टिसची अट परत आणली, आणि ती वर्षं बार कौन्सिलकडे नाव नोंदवल्यापासून मोजायची, त्याच्या आधी तुम्ही कुठे काय केलं ते त्यात धरत नाहीत.

बाकीच्यांसाठी नोकरीचा उपयोग दोनच गोष्टींसाठी, पैसे साठवायला आणि आपल्याला कोर्टात नेमकं काय करायचंय ते कळायला.

बहुतेक जण पहिले वकिलाचं ऑफिस पकडतात. घरचे पण तेच सांगतात, ओळखीचे वकील असतातच कोणीतरी. सीबीएसजवळ कोर्टात सकाळी बोर्ड (त्या दिवशीच्या केसेसची यादी) बघायचं, कुठली मॅटर कुठल्या कोर्टात ते डायरीत उतरवायचं, झेरॉक्स, फाइलला पान नंबर टाकणं, नकलेचा अर्ज, मग अशिलाला फोन करून पुढची तारीख सांगायची आणि "अजून एक तारीख?" म्हणून त्याच्या शिव्या आपण खायच्या. शिकायला मिळतं, नाही असं नाही. निशाणी ५ चा, म्हणजे तात्पुरत्या मनाईचा अर्ज कसा चालतो, रोजनाम्यात (केसच्या तारखांच्या नोंदीत) काय लिहिलं जातं हे पुस्तकात कळत नाही. पण पगार म्हणाल तर पेट्रोल सुटलं तरी नशीब. बार कौन्सिलने ऑक्टोबर २०२४ मध्ये ज्युनियरला शहरात २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० स्टायपेंड द्या असं सांगितलं, पण ती शिफारस आहे, सक्ती नाही, आणि तुम्ही तर अजून ज्युनियर पण नाही.

माझं खरं म्हणणं वेगळंच आहे. हे सगळं काम एलएलबी करता करता तुम्हाला करायचंच आहे, मग एक वर्ष आधी जाऊन तेच कशाला? ॲडमिशनच्या आधी असं काम बघा जे नंतर करता येणार नाही. सनद (वकिलीचा परवाना) घेऊन प्रॅक्टिस करताना फुलटाइम पगारी नोकरी चालत नाही, म्हणजे कंपनी आतून बघायची असेल तर ती आत्ताच.

म्हणून माझं मत सातपूर-अंबड एमआयडीसीतल्या एखाद्या कंपनीतल्या एचआरला, त्यातही आयआरचं (कामगार आणि कंपनीच्या संबंधांचं) काम मिळत असेल तर डोळे झाकून. एक डोमेस्टिक इन्क्वायरी, म्हणजे कंपनीने कामगाराची केलेली चौकशी, पूर्ण बघा फक्त. समजा शॉपफ्लोअरवर एका कामगाराची सुपरवायझरशी हमरीतुमरी झाली. आधी कारणे दाखवा नोटीस, खुलासा पटला नाही की चार्जशीट, मग चौकशी अधिकारी नेमतात, ते बऱ्याचदा बाहेरचे वकीलच असतात, कंपनीचा माणूस साक्षीदार उभे करतो, कामगाराच्या बाजूने सहकारी नाहीतर युनियनवाला उलटतपासणी घेतो, प्रत्येक पानावर सगळ्यांच्या सह्या, आणि तुम्ही कोपऱ्यात बसून हे टाइप करताय. चार्जशीटमध्ये शिफ्ट चुकीची पडली किंवा साक्षीदाराला प्रश्न विचारायची संधीच दिली नाही तर पुढे लेबर कोर्टात कंपनी तिथेच अडकते. हे ज्याने जवळून बघितलं त्याला पुरावा म्हणजे काय हे वेगळं शिकवावं लागत नाही. वरून २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार लेबर कोड (कामगारांचे नवे कायदे) लागू झालेत, त्यामुळे जुन्याजाणत्या एचआरवाल्यांनाही परत अभ्यास करावा लागतोय, नवख्याला ही चांगली वेळ आहे. आणि पगार वेळेवर होतो, हे काय कमी आहे!

फक्त एक बघा, ठेकेदाराच्या पेरोलवर घेऊन वर्षभर नुसती हजेरी आणि पीएफच भरायला लावणार असतील तर त्यात कायदा काही कळणार नाही, इंटरव्ह्यूलाच विचारून घ्या.

दस्ताचं काम, म्हणजे बिल्डरकडे किंवा सब-रजिस्ट्रार ऑफिसबाहेर दस्त करणाऱ्यांकडे, हे दिसायला साधं पण ज्याला नाशिकलाच राहून दिवाणी वकिली करायचीय त्याच्यासाठी सोनं आहे. सातबारा, फेरफार, इंडेक्स टू (नोंदवलेल्या दस्ताचा गोषवारा), मालकीचा तीस वर्षांचा सर्च, आणि अचानक सापडतं की वारसाच्या फेरफारात बहिणीचं नावच नाही, हक्कसोड तर कधी झालेलीच नाही. उद्याचे अर्धे दावे इथूनच निघतात. तालुक्याच्या गावचे असाल आणि परत तिकडेच बसायचं असेल तर मी एमआयडीसीपेक्षा हे वर ठेवेन. इथला तोटा म्हणजे चुकीच्या माणसाकडे लागलात तर शॉर्टकट आधी शिकाल आणि कायदा नंतर.

बँकेतली रिकव्हरी पण काही जण करतात, चेक बाउन्सचं कलम १३८ आणि सरफेसी (थकीत कर्जासाठी तारण ताब्यात घ्यायचा कायदा) कळतं, पण टार्गेटमध्ये सीईटीचा अभ्यास होत नाही.

वकिलाचं ऑफिस मी एकालाच सुचवेन, ज्याला लॉ करायचं की नाही हेच अजून ठरत नाहीये. त्याने तीन-चार महिने जाऊन बसावं.

नोकरी आणि एलएलबी सोबत ओढू असं मनात असेल तर बार कौन्सिलच्या नियमात प्रत्येक विषयाला ७० टक्के हजेरी आहे आणि नोकरी करत असाल तर तसं कॉलेजला कळवावं लागतं, हे आधीच धरून चाला. राजीनामा सीईटीचा स्कोअर आल्या आल्या देऊ नका, कॅप राउंड लांबतात, कॉलेज अलॉट झालं की मग द्या, आणि नोटीस पिरियड किती ते ऑफर लेटरमध्ये आत्ताच बघून ठेवा. मधल्या वर्षांसाठी गॅपचं ॲफिडेव्हिट मागतात, तेही राउंड सुरू व्हायच्या आधी करून घ्या.