होम असिस्टंट, सव्वा वर्षानंतर: सगळं ठीक, पण त्या सेलचं काय?

मोनोब्लॉक पंपाचं सील, मजुरी आणि मेकॅनिकचं पेट्रोल मिळून १,८४० रुपये. सीआर २०३२ हा बटणसेल आमच्या नाक्यावर ३२ रुपयांना मिळतो. म्हणजे तेवढ्या पैशांत सत्तावन्न सेल आले असते आणि वर सोळा रुपये चहाला उरले असते. हा हिशेब मी मे महिन्यापासून करतोय, तेव्हा पुढचं वाचताना माझं डोकं थोडं गरम आहे हे धरून चला.

आमची वाडी गुहागरला, खालचा पाट या भागात. नारळ, पोफळी, विहीर, एक एचपीचा पंप. मी नोकरीला चिपळूणला, घरी आई. होम असिस्टंट, म्हणजे घरातली उपकरणं आपोआप चालवणारं सॉफ्टवेअर, बसवलं ते दिवे-पंख्यांच्या हौसेसाठी नाही, शिंपण्यासाठी. पहाटे साडेपाचला पंप चालू, चाळीस मिनिटांनी बंद. समुद्र गडग्यापलीकडेच आहे. मे महिन्यात विहीर जास्त उपसली की पाणी मचूळ होतं, म्हणून चाळीस म्हणजे चाळीसच. (रिले म्हणजे सॉफ्टवेअरच्या हुकमावर चालणारा छोटा स्विच, त्याने थेट मोटर चालवू नका. रिले कॉन्टॅक्टरच्या, म्हणजे मोठ्या स्विचच्या, कॉइलला आणि कॉन्टॅक्टर मोटरला. हे काम वायरमनकडूनच करून घ्या.)

सुरुवात केली तळहाताएवढ्या कॉम्प्युटर-बोर्डावर. कुठला ते लिहीत नाही, उगाच भांडणं नकोत. बसवणं म्हणजे एसडी कार्डावर इमेज (सॉफ्टवेअरची तयार प्रत) लिहायची, लॅनची वायर खोचायची, चहा पिऊन यायचं आणि ब्राउझरमध्ये ८१२३ पोर्ट उघडायचं. बोर्ड जुना, ३२-बिटचा असेल तर मात्र नाद सोडा, २०२५ अखेर त्याचा आधार संपला. सगळे एसडी कार्डाच्या नावाने रडतात, माझं कार्ड अजून जिवंत आहे. झिगबीचा डोंगल (बिनतारी सेन्सरशी बोलणारी काडी) यूएसबी ३ च्या तोंडाशीच लावला होता, तेव्हा टाकीचा सेन्सर सारखा गायब व्हायचा. मीटरभर एक्स्टेन्शन लावून लांब टांगला, प्रश्न मिटला. सहा महिने इतकं सुरळीत चाललं की मी ऑफिसात चार जणांना गळ घातली.

मग मे महिन्यातला वळीव आला. रात्री अकराला लाईट गेली, पहाटे चारला आली. पण फायबरवर फांदी पडलेली, नेट नाही. बोर्ड आपोआप सुरू झाला आणि त्याला वाटलं, अजून रात्रीचे अकराच वाजलेत! कारण त्यात सेलवर चालणारं घड्याळच नाही. बंद पडला की शेवटची वेळ धरून उठतो आणि नेटवरून खरी वेळ मिळेपर्यंत तीच खरी मानतो. शंभर रुपयांच्या मनगटी घड्याळाला जे जमतं ते याला जमत नाही.

सातला आईने पाहिलं, पंप लागलेला नाही. तिने स्टार्टरचं हिरवं बटण दाबून शिंपून घेतलं आणि लाल बटण दाबून ती चहाला गेली. विहीर तळाला. साडेदहाला बोर्डाच्या घड्याळात साडेपाच वाजले आणि पंप पुन्हा सुरू झाला. चाळीस मिनिटं, त्यातली निम्म्याहून जास्त कोरडी, आणि सील गेलं. मी चिपळुणात, नेट नसल्यामुळे फोनवर काही दिसेना. संध्याकाळी आई एवढंच म्हणाली, "अरे, तुझ्या त्या डबीला घड्याळ कळत नाही, तिच्या हाती विहीर कशाला दिलीस?"

चूक माझीच. बोर्डाच्या माहितीपत्रकात हे लिहिलेलं असतं, मी वाचलं नव्हतं. डीएस ३२३१ नावाचं छोटं घड्याळाचं मॉड्यूल पिनांवर बसवता येतं, पण त्यासाठी कार्डाच्या बूट पार्टिशनमधली (सुरू होताना वाचला जाणारा भाग) कॉन्फिग फाइल उघडून ओळी घालाव्या लागतात. रास्पबेरी पाय ५ या तशाच बोर्डावर घड्याळ आलंय, सेल मात्र वेगळा घ्यायचा. आता यावर काय बोलणार!

रागारागाने जुना लॅपटॉप काढला. त्यात सेल आहे, बॅटरी आहे, म्हणजे यूपीएससुद्धा फुकटात. व्हर्च्युअलबॉक्समध्ये, म्हणजे लॅपटॉपच्या आत दुसरा नकली कॉम्प्युटर (व्हर्च्युअल मशीन) चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, व्हीडीआय इमेज लावली आणि तासभर काळ्या पडद्याकडे बघत बसलो. सेटिंगमध्ये ईएफआयची (सुरू होण्याची नवी पद्धत) खूण करायची राहिली होती. ती केली तर फोनला काही सापडेना, कारण नेटवर्क नॅटवर होतं, म्हणजे मशीन लॅपटॉपच्या आड लपलेलं. ते ब्रिज्ड केलं, म्हणजे थेट घरच्या नेटवर्कवर आणलं. इथे मात्र मला खरोखर आनंद झाला. बोर्डावरचा बॅकअप टाकला, किल्ली दिली (२०२५ पासून बॅकअप कुलूपबंद असतात, किल्ली कागदावर लिहून ठेवा) आणि सगळी ऑटोमेशनं, नावं, अगदी टाकीचा आलेखसुद्धा जसाच्या तसा आला. प्रोसेसरची जात वेगळी असूनही.

वीज जास्त खातो. बोर्ड पाचेक वॅट, महिन्याला साडेतीन युनिट. लॅपटॉप अठरा वॅट, तेरा युनिट. चिडचिड झाली, पण सीलपेक्षा स्वस्त.

इथपर्यंत लिहिलं तेव्हा 'व्हर्च्युअल मशीनच घ्या' असं म्हणणार होतो. ते मागे घेतो. गणपतीत लॅपटॉपच्या सिस्टीमने रात्री स्वतःला अपडेट करून रीस्टार्ट केलं आणि पासवर्ड विचारत सकाळपर्यंत बसून राहिली. व्हर्च्युअल मशीन सुरूच झालं नाही. मग सगळं पुसून, उबुंटू (एक लिनक्स प्रणाली) असलेल्या पेनड्राइव्हने होम असिस्टंटची इमेज थेट लॅपटॉपच्या डिस्कवर लिहिली. लॅपटॉपच्या सेटिंगमधलं सिक्युअर बूट बंद करायला विसरू नका. शिवाय मोटरच्या वायरवर सीटी क्लॅम्प (वीज मोजणारा चिमटा) लावला. पाणी ओढताना पंप हजार वॅटच्या वर असतो. सातशेच्या खाली अर्धा मिनिट राहिला की बंद. खरं तर हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं.

आता त्रास एकच. लाईट जास्त वेळ गेली की लॅपटॉपची बॅटरी संपते, आणि लाईट आल्यावर तो बोर्डासारखा आपणहून उठत नाही, बटण दाबावं लागतं. कुठलं ते आईला फोनवर दर वेळी सांगायचो. खंडेनवमीला तिने कोयता, पंप आणि स्टार्टरबरोबर लॅपटॉपचीही पूजा केली आणि नेमकं त्याच बटणावर कुंकवाचं बोट लावलं. हल्ली लाईट आली की विचारायला फोन येत नाही.